ॲड्रेनलीन सिस्टरच्या हाती द्या

मध्य प्रदेशात झाबुआ किंवा अलीराजपूरकडच्या एखाद्या फलियात, म्हणजे वस्तीत, लसीकरणाला एएनएम ताई (गावपातळीवरची सरकारी परिचारिका) बसते, तेव्हा लशींच्या डब्यासोबत तिच्याजवळ एक छोटं किट असतं. ॲड्रेनलीनच्या, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी रोखणाऱ्या इंजेक्शनच्या, कुप्या, बारीक सिरिंज, सुया आणि वयाप्रमाणे डोस लिहिलेला तक्ता. लस टोचल्यावर बाळाचा श्वास घुसमटायला लागला, अंग गार पडलं, तर डॉक्टरची वाट न बघता मांडीत ॲड्रेनलीनचा एक डोस द्यायचा आणि मग गाडी बोलवायची. केंद्र सरकारच्या लसीकरणाच्या मार्गदर्शिकेनेच तिला ही मुभा दिलेली आहे. तिथे डॉक्टर नसतो, हे सरकारला ठाऊक आहे.

आता इंदूरला या. चार मजली खासगी नर्सिंग होम, खाली मेडिकल स्टोअर, वर ऑपरेशन थिएटर. रात्री सिस्टर एका रुग्णाला सेफ्ट्रायाक्झोन हे प्रतिजैविक शिरेतून देते आहे. निम्मी सिरिंज जाते न जाते तोच तो मान खाजवायला लागतो, घसा आवळल्यासारखा वाटतो म्हणतो, ओठ सुजतात, घाम फुटतो. सिस्टर बीएस्सी झालेली आहे, तिला काय चाललंय ते कळतं. औषध बंद करण्यापर्यंत तिचा अधिकार. पुढे फोन. ड्यूटी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर असतो, किंवा थिएटरात, किंवा नुकताच डोळा लागलेला. तो येऊन ‘द्या’ म्हणेपर्यंत ॲड्रेनलीनची कुपी इमर्जन्सी ट्रेमध्ये पडून राहते. अंगणवाडीत जे चालतं ते आमच्या शहरात, ऑक्सिजनच्या नळीपासून दोन हातांवर, चालत नाही.

वॉर्डात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला याचा राग येतो, आणि तो लपवण्याचं काही कारण मला दिसत नाही. औषधाची तीव्र रिॲक्शन आली तर डॉक्टर पोचण्याआधी ॲड्रेनलीनचा पहिला डोस देण्याचा लेखी अधिकार प्रत्येक रुग्णालयाने आपल्या परिचारिकांना द्यावा, असं माझं मत आहे. विचारण्याचा, थांबवण्याचा आणि नोंदवण्याचा अधिकारही त्याच्याच जोडीने यायला हवा. तो आज कागदावर असतो, प्रत्यक्षात फारसा नसतो.

घाई कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगते. ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसने, म्हणजे अशा तीव्र, जीवघेण्या ॲलर्जीच्या रिॲक्शनने, झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. खाण्याच्या पदार्थामुळे गेलेल्यांत श्वास किंवा हृदय बंद पडायला साधारण ३० मिनिटं लागली होती, गांधीलमाशी किंवा मधमाशीच्या दंशात १५. उपचारात दिलेल्या औषधांच्या बाबतीत हा वेळ होता ५ मिनिटं. हा मध्यक आहे, म्हणजे निम्म्या जणांना तेवढाही वेळ मिळाला नाही. पाच मिनिटांत डॉक्टरने फोन उचलायचा, जिना उतरायचा, रुग्ण बघायचा आणि ऑर्डर द्यायची.

आणि तो आल्यावर तरी काय होतं? आपल्याकडची जुनी सवय म्हणजे एव्हिल हे ॲलर्जीचं इंजेक्शन आणि डेकाड्रॉन, नाहीतर हायड्रोकॉर्टिसोन, ही स्टेरॉइडं. रिॲक्शन म्हटली की हात आधी तिकडेच वळतात, आणि ॲड्रेनलीन ‘फारच बिघडलं तर’ म्हणून मागे ठेवतात. हा क्रम उलटा आहे. एव्हिलने खाज आणि अंगावर उठलेलं पित्त कमी होतं. सुजलेला घसा मोकळा होत नाही, कोसळलेलं बीपी वर येत नाही. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात. श्वासनलिका उघडणं, रक्तवाहिन्या आवळून बीपी सावरणं आणि रिॲक्शनची साखळी रोखणं ही तिन्ही कामं करणारं औषध एकच आहे, ते म्हणजे ॲड्रेनलीन, आणि ते इंदूरच्या दवा बाजारात अतिशय स्वस्तात मिळतं. मोठ्या माणसाला एका मिलिलिटरच्या कुपीतलं अर्धं, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या मध्यावर बाहेरच्या बाजूने स्नायूत. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. जागाही महत्त्वाची आहे: मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनलीन आठेक मिनिटांत रक्तात पुरेसं चढतं, दंडावर कातडीखाली दिलं तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. कपड्यावरून टोचलं तरी चालतं. लाजायला वेळ नसतो.

रुग्णाला झोपवून ठेवणं हेही असंच राहून जाणारं काम. पाय उंचावर, डोकं सपाट. दम फार लागत असेल तर थोडं टेकून बसवावं, पण उभं करू नये, चालवू नये. आपल्याकडे मात्र चक्कर येतेय म्हटल्याबरोबर नातेवाईक त्याला उठवून बसवतात, पाण्याचा पेला तोंडाला लावतात, ‘बाथरूमला जायचंय’ म्हणाला तर दोघं धरून नेतात. बीपी कोसळलेल्या माणसाला एकदम उभं केलं तर हृदयाकडे परतणारं रक्तच आटतं आणि तो तिथल्या तिथे जाऊ शकतो. त्या क्षणी नातेवाइकांना बाजूला सारून ‘झोपून राहू द्या’ असं दरडावणारी व्यक्ती सिस्टरच असते. हा दरारा तिला कुणी शिकवलेला नसतो. ज्या वॉर्डात तिला रोज सगळ्यांसमोर बोलणी खावी लागतात, तिथे तो येणारही नाही.

डॉक्टर मंडळींचे दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला हृदयाचा. म्हातारा माणूस, स्टेंट बसवलेला, ॲड्रेनलीनने अटॅक आला तर? जीवघेण्या ॲनाफिलॅक्सिसमध्ये स्नायूतून द्यायच्या ॲड्रेनलीनला सरसकट मनाई असा कुठलाच रुग्ण नाही. हृदयविकार असलेल्यालाही ते द्यायचं असतं, कारण न दिल्याचा धोका मोठा. भीती आली कुठून तेही समजण्यासारखं आहे. हृदय बंद पडल्यावर अख्खी कुपी शिरेतून देतात, ते दृश्य सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. नाडी चालू असलेल्या माणसाला तसं दिलं तर खरंच अनर्थ होतो. म्हणून तर आदेश लेखी हवा, त्यात ‘स्नायूत’ हा शब्द ठळक हवा, आणि ट्रेमध्ये एक मिलिलिटरची सिरिंज कुपीलाच चिकटवून ठेवायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: ‘आजकालच्या नर्सेसना येतं काय?’ मध्य प्रदेशात हे हसण्यावारी नेता येत नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने राज्यातली ३०८ नर्सिंग कॉलेजं तपासली. १६९ योग्य, ७३ त्रुटी असलेली आणि ६६ अपात्र ठरवली. पुढे मे २०२४ मध्ये तपासणी करणाऱ्यांपैकीच काहींना कॉलेजांकडून लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक झाली, आणि योग्य ठरलेल्या कॉलेजांचीही फेरतपासणी करायची वेळ आली. अशा कारखान्यांतून बाहेर पडलेल्या मुलींनी रुग्णालयाचं तोंडही नीट पाहिलेलं नसतं, हे मी नाकारत नाही. पण याच मुलींच्या हातात आज आपण पोटॅशियमची कुपी देतो, इन्सुलिन देतो, रक्त पातळ करणारं हेपॅरिन देतो. चुकलं तर माणूस मारू शकणारी औषधं त्यांच्या हातून चालतात; वाचवणारं एक औषध मात्र चालत नाही. शिक्षण कच्चं आहे म्हणून अधिकार नको, असं म्हणणाऱ्या रुग्णालयाने मग तिला रात्री वीस खाटांवर एकटं ठेवू नये. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आमच्याकडच्या वॉर्डांतून एक फेरी मारा, निकष आठवून हसू येईल.

हे झालं रिॲक्शन आल्यानंतरचं. ती येऊ नये म्हणून आपल्याकडे काय करतात, तर टेस्ट डोस. केसपेपरवर प्रतिजैविकाच्या नावापुढे ‘एएसटी’ लिहिलेलं असतं, म्हणजे आधी कातडीत चाचणी करा. सिस्टर औषध पातळ करते, हाताला बारीक फुगा आणते, पेनने गोल काढते आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघून ‘निगेटिव्ह’ लिहिते. मीही असे असंख्य गोल काढले आणि विद्यार्थिनींकडून काढून घेतले. पूर्वी कधी रिॲक्शन आलेली नसलेल्या माणसात या चाचणीचा भरवसा फार कमी आहे. औषध किती पातळ करायचं याचं प्रमाण प्रत्येक वॉर्डाचं वेगळं. निगेटिव्ह आलेल्याला रिॲक्शन येऊ शकते, आणि नुसत्या टोचण्याने लाल झालेला माणूस जन्मभरासाठी ‘ॲलर्जिक’ ठरू शकतो. चीनमध्ये सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं (सेफ्ट्रायाक्झोन त्यातलंच) देण्याआधी सरसकट कातडीची चाचणी करण्याची प्रथा होती; २०२१ मध्ये तिथल्या आरोग्य आयोगाने ती बंद करायला सांगितली. आपल्याकडे गोल अजून चालू आहे, कारण पुढे काही झालं तर ‘टेस्ट केली होती’ असं दाखवायला तो उपयोगी पडतो.

त्या पंधरा मिनिटांत सिस्टरने रुग्णाशी बोलावं. सगळ्यात जास्त माहिती तिथे मिळते, आणि विचारलं तर फॉर्म भरल्यासारखं नाही विचारायचं. लोकमान्यनगरातल्या एखाद्या आजींना ‘काही ॲलर्जी आहे का?’ म्हणा, त्या सांगतील, ‘नाही गं बाई, मला धुळीचासुद्धा त्रास नाही.’ दाखल करून घेणारा मुलगा तेवढंच लिहितो. संध्याकाळी गोळ्या देताना आजींना आठवतं की डिस्प्रिन घेतली की अंगभर पित्त उठतं, एकदा तर डोळेच मिटले होते सुजून. आणि हातातल्या गोळ्यांत इकोस्प्रिन असते. दोन्हीत ॲस्पिरिनच आहे हे आजींना माहीत असायचं कारण नाही. सिस्टरला असायलाच हवं. खरगोन-बडवानीकडून आलेला शेतकरी ‘गोली गरमी कर गई’ एवढंच सांगतो. ही गरमी म्हणजे तोंड आलं होतं, पित्त उठलं होतं, की जुलाब झाले होते, हे दुसऱ्या प्रश्नानंतर कळतं. घेतल्यावर किती वेळाने त्रास झाला? दम लागला होता का? दवाखान्यात न्यावं लागलं का? ओठावर किंवा मांडीवर दर वेळी त्याच जागी काळसर डाग पडतो का? हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. सल्फा, मेट्रोनिडाझोलसारखी औषधं किंवा दुखण्याच्या गोळ्यांनी असे डाग पडतात, ते वर्षानुवर्षं राहतात, आणि तेच औषध पुन्हा घेतलं की त्याच ठिकाणी पेटून उठतात. शरीरानेच लिहून ठेवलेली नोंद असते ती, पण आपण फाइलमध्ये शोधत बसतो.

उलट्या बाजूनेही गोंधळ कमी नाही. जे जे बाधलं ते ते ‘ॲलर्जी’ म्हणून लिहून टाकायचं. पेनिसिलिनच्याच गटातल्या ॲमॉक्सिसिलिनने पोट बिघडलं, लिहा पेनिसिलिन ॲलर्जी. लहानपणी तापात पुरळ आलं होतं असं आई म्हणाली, लिहा ॲलर्जी. अमेरिकेत दहातल्या एका माणसाच्या नोंदीत पेनिसिलिनची ॲलर्जी असते, आणि नीट तपासलं की त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना पेनिसिलिन चालतं. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकीही सुमारे ऐंशी टक्के लोकांची दहा वर्षांत ओसरते. खोट्या शिक्क्याची किंमत मोजावी लागते: साधं, जुनं, स्वस्त औषध बाद होतं आणि महागडी, जास्त जोरदार प्रतिजैविकं सुरू होतात. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन द्यावं लागतं. रिॲक्शनच्या धास्तीने ते द्यायला न धजणारे दवाखाने आहेत. ॲड्रेनलीन जवळ असेल आणि ते द्यायची परवानगी असेल, तर ही धास्ती निम्मी होईल.

दुष्परिणामांची गोष्ट संथ असते, म्हणून ती वॉर्डात कमी आणि घरात जास्त घडते. बीपीसाठी रॅमिप्रिल सुरू होतं, महिन्याभराने कोरडा खोकला लागतो. मग खोकल्याचं सिरप, मग छातीचा एक्स-रे, मग घशाचे डॉक्टर. बीपीच्याच ॲम्लोडिपिनने घोटे सुजतात, त्यासाठी लघवीची गोळी लागते, त्या गोळीने सोडियम उतरतं आणि आजोबा रात्री बडबडायला लागतात. एका गोळीचा परिणाम दुसऱ्या गोळीने झाकत गेल्याची अशी प्लास्टिकची पिशवी सुदामानगरपासून राजेंद्रनगरपर्यंत कुठल्याही मराठी घरात बघायला मिळेल, देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात. पिशवी उलटी करून बसणारं माणूस लागतं. डॉक्टरकडे तेवढा वेळ नाही हे मी मान्य करते. मग तो वेळ ज्या नर्सने द्यायचा, तिची जागा निर्माण करायला कुणी तयार का नाही? क्षयरोगाच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी ‘रिफॅम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होईल, घाबरू नका, पण डोळ्यांना अंधुक दिसायला लागलं तर लगेच या’ एवढं सांगितलं, तर तो रक्त पडतंय समजून औषध सोडत नाही, आणि एथॅम्ब्युटॉल या क्षयाच्याच दुसऱ्या औषधाने नजर जाण्याआधी परत येतो.

व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाचं उदाहरण वॉर्डातल्यांसाठी. ते भराभर सोडलं की मान-चेहरा लालबुंद होतो, खाज सुटते. बहुतेक वेळा ही ॲलर्जी नसते; वेग कमी केला की थांबते. दुसऱ्या खाटेवर जाण्याची घाई असलेल्या सिस्टरने तासाभराची बाटली वीस मिनिटांत संपवली आणि केसपेपरवर ‘ॲलर्जी’ लिहिलं गेलं, तर पुढच्या वेळी कामाचं एक औषध त्या माणसाने गमावलेलं असतं.

म्हणून लिहिणं. रिॲक्शन आलेला माणूस घरी जातो तेव्हा डिस्चार्ज कार्डावर ‘औषधाची रिॲक्शन, उपचार केले’ असं असतं. कुठलं औषध? रुग्णाला माहीत नाही, मुलाला ‘एक इंजेक्शन होतं’ एवढं आठवतं. पुढच्या दवाखान्यात तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने येतं. औषधाचं मूळ नाव, तारीख, काय झालं, किती वेळात, काय दिल्यावर थांबलं, एवढ्या पाच गोष्टी हिंदीत किंवा मराठीत एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवायला दिल्या तर किती खर्च येतो?

आणि सरकारकडेही नोंद जायला हवी. भारताचा औषध-सुरक्षा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, मेडिकल कॉलेजांतून त्याच्या शाखा आहेत. फॉर्म डॉक्टरच नव्हे, नर्स आणि फार्मासिस्टही भरू शकतात. रुग्णासाठी वेगळा फॉर्म आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांकही. औषधानेच त्रास झाला हे सिद्ध करावं लागत नाही, शंका पुरते, आणि फॉर्म भरणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे असं त्यावरच छापलेलं आहे. तरी सिस्टर भरत नाहीत. कारण वॉर्डात रिॲक्शन आली की पहिला प्रश्न येतो, ‘दिलं कोणी?’ ज्या प्रश्नाचं उत्तर आपलंच नाव आहे, त्याचा फॉर्म कोण स्वतःहून भरेल?

या नोंदींतून निष्पन्न काय होतं, असंही विचारतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इशारा दिला: ताप, पुरळ, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर रिॲक्शन त्याने येऊ शकते. पाळीच्या दुखण्याला घरोघरी, कुणालाही न विचारता घेतली जाणारी गोळी आहे ती. अशी रिॲक्शन साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसते, म्हणून गोळीशी तिचा संबंध घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ठिकठिकाणच्या नोंदी एका जागी आल्या तरच तो दिसतो. (छिंदवाड्यात २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपने मुलं गेली ती गोष्ट वेगळी; तिथे औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. पण एकाच औषधानंतर मुलांची लघवी बंद होतेय हे लवकर नोंदवायची सवय असती, तर तिथेही काही दिवस वाचले असते, असं मला वाटतं.)

नर्सच्या अधिकारासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही. रुग्णालयाच्या वैद्यकीय प्रमुखाच्या सहीचा एक पानी स्थायी आदेश पुरे: कोणती लक्षणं दिसली तर, किती, कुठे टोचायचं, त्यानंतर कुणाला बोलवायचं. तीन महिन्यांनी एकदा वॉर्डात त्याची तालीम, घड्याळ लावून, रात्रपाळीतल्या मुलींसकट. कुप्यांची मुदत संपली नाही ना हे दर सोमवारी बघणं. शहरातली मोठी रुग्णालयं मान्यतेच्या तपासणीच्या आठवड्यात याहून कितीतरी जास्त कागद रंगवतात. प्रश्न येतो तो सहीचा. सिस्टरने दिलं आणि बिघडलं तर जबाबदार कोण? आदेशावर सही करणारा, असं माझं उत्तर आहे, आणि ते ऐकल्यावर बैठकीत पुढचा विषय घेतला जातो.